आपल्यालाही एक राजा पाहिजे म्हणणाऱ्या मित्रांसाठी

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. मधेच राग आला तर येऊ द्या, पण शेवटपर्यंत वाचा अन् मग बोला.

गेल्या महिन्यात बँकॉकला जाऊन आलो. गावात चर्चा आहे म्हणून आधीच सांगतो, मला कुणी फुकट नेलं नव्हतं. आमच्या एका मित्राचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाण्याच्या स्कीममध्ये त्याला थायलंडची टूर लागली. असे आठ-दहा दुकानदार निघाले होते, त्यांच्यासोबत मी माझं तिकीट काढून गेलो. हप्त्यावर काढलं, अजून फेडतोय.

तिथला राजवाडा बघायला गेलो. परदेशी माणसाला ५०० बाट तिकीट. उघडे गुडघे चालत नाहीत, त्यामुळं आमच्यातल्या दोघांना बाहेरच हत्तीच्या छापाच्या ढगळ पँटी विकत घ्याव्या लागल्या. आत गेलो अन् डोळे दिपले. सोन्याचे कळस, आरशांचं काम, भिंतीवर अख्खं रामायण रंगवलेलं. ते त्याला रामाकियन म्हणतात. राजघराणं चक्री, १७८२ पासूनचं. प्रत्येक राजाला 'राम' म्हणून क्रमांक देतात, सध्याचे महाराज वजिरालोंगकोर्न म्हणजे दहावे राम. जुन्या राजधानीचं नाव अयुथ्या. विमानतळावर तर समुद्रमंथनाचा भलामोठा देखावा. आमची मंडळी जाम खूश!

बाहेर आल्यावर मित्र म्हणाला, "बघ, रस्त्यावर कचरा नाही, कुणी आरडाओरडा करत नाही. एक राजा असला की देश कसा ताळ्यावर राहतो. आपल्याकडंही एक राजाच पाहिजे राव. लोकशाहीनं वाटोळं केलं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

आमच्यासोबत एक गाइड बाई होत्या. मोठ्या हुशार. सकाळपासून कोणत्या राजानं कोणतं देऊळ बांधलं ते घडाघडा सांगत होत्या. मी सवयीप्रमाणं विचारलं, "नवे महाराज लोकांना कसे वाटतात?" बाई हसल्या. एकदा ड्रायव्हरकडं बघितलं अन् म्हणाल्या, "आधी जेवून घेऊ."

बस्स. त्यानंतर दिवसभर त्या माझ्या बाजूला फिरकल्या नाहीत.

मित्राला ज्या रस्त्यावरची शांतता आवडली, तिच्यात या बाईंची शांतताही धरलेली आहे. तिची किंमत ऐका.

थायलंडच्या फौजदारी कायद्यात ११२ नंबरचं कलम आहे. राजा, राणी किंवा युवराजाचा अवमान केला तर एका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं कैद. दहा पोस्टी टाकल्या तर दहा गुन्हे. जानेवारी २०२४ मध्ये ऑनलाइन कपडे विकणाऱ्या एका तरुणाला फेसबुकवरच्या पोस्टींसाठी ५० वर्षांची शिक्षा झाली. खून नाही, दरोडा नाही, पोस्टी! मे २०२३ च्या निवडणुकीत मूव्ह फॉरवर्ड नावाच्या पक्षाला सगळ्यात जास्त जागा मिळाल्या. हे कलम जरा सौम्य करू, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांना सरकार बनवू दिलं नाही, अन् ऑगस्ट २०२४ मध्ये कोर्टानं तो पक्षच विसर्जित केला. लाखो लोकांची मतं एका झटक्यात पाण्यात.

आता कुणी म्हणेल, त्यांचे राजे चांगले होते, लोकांचं प्रेम होतं. होतं ना. नववे राम म्हणजे भूमिबोल ७० वर्षं गादीवर होते. २०१६ मध्ये ते गेले तेव्हा लोक खरोखर ढसाढसा रडले. चुलालोंगकोर्न राजानं १९०५ पर्यंत गुलामगिरी मोडून काढली. आजूबाजूचे सगळे देश इंग्रज-फ्रेंचांच्या घशात गेले, सयाम तेवढा राहिला. हे सगळं खरं. पण तो राहिला कसा? राजानं कडेचा मुलूख देऊन टाकला. १९०९ च्या तहात केडा, केलांतान असे चार प्रांत इंग्रजांना दिले. त्या प्रांतातल्या माणसांना कुणी विचारलं नाही. राजाच्या राज्यात माणूस जमिनीसोबत जातो, खुंट्याला बांधलेल्या जनावरासारखा.

अन् तिथंही लोकांनी डोकं वर काढलं होतंच. २४ जून १९३२ ला राजाची निरंकुश सत्ता संपवली, राज्यघटना आणली. त्या ठिकाणी आठवण म्हणून रस्त्यात एक पितळी पाटी बसवली होती. एप्रिल २०१७ मध्ये ती पाटी रातोरात गायब झाली अन् तिच्या जागी राजनिष्ठा शिकवणारी नवी पाटी आली. कुणी काढली ते आजवर सरकारनं सांगितलेलं नाही. १९३२ नंतर तिथं डझनभर वेळा लष्करानं सत्ता घेतली, शेवटची २०१४ ला. म्हणजे राजा असला की देश ताळ्यावर राहतो, हेही खरं नाही.

हे सगळं मी मित्राला परतीच्या विमानात सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे ना, त्यांचं ते बघतील. आपल्याला काय?"

आपल्याला काय? अरे बाबा, तू हिंगोलीचा आहेस!

तुझ्या-माझ्या आजोबांच्या डोक्यावर राजा होता. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे कळत नाही, पण आपल्याला तरी कळायला पाहिजे. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा हिंगोली स्वतंत्र झाली नव्हती. आपल्याला आणखी तेरा महिने लागले. १३ सप्टेंबर १९४८ ला फौज शिरली, १७ ला निजाम शरण आला. आपल्या रेल्वे स्टेशनच्या पाटीवर अजून 'हिंगोली डेक्कन' लिहिलेलं आहे, रोज वाचतो अन् पुढं जातो.

माझे आजोबा निजामाबद्दल बोलायचे नाहीत. लहानपणी फार मागं लागलो की आधी दाराकडं बघायचे, मग आवाज बारीक करून दोन वाक्यं सांगायचे. तेव्हा निजामशाही जाऊन चाळीस वर्षं झाली होती! निजाम स्वतः १९६७ ला वारला होता. तरी म्हातारा दाराकडं बघायचा. त्या गाइड बाईंनी ड्रायव्हरकडं बघितलं ना, तेव्हा मला आजोबाच दिसले. म्हणून ही पोस्ट.

आपल्याकडंही एक ११२ कलम होतं. त्याचं नाव गश्ती निशान ५३. १९२९ साली निजाम सरकारनं काढलेलं परिपत्रक. परवानगीशिवाय राजकीय सभा घ्यायची नाही. म्हणजे चार माणसं जमवून काही बोलायचं तर आधी सरकारच्या दारात उभं राहायचं. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. त्याच साली उस्मानिया विद्यापीठाच्या पोरांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हटलं म्हणून त्यांची नावं काढून टाकली. कितीतरी पोरांनी नागपूरला जाऊन शिक्षण पुरं केलं. पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यातलेच एक.

निजामाचे चाहते लगेच म्हणतील की उस्मानिया विद्यापीठ तरी कुणी काढलं? दवाखाना कुणी बांधला? निजामसागर कुणाचा? मान्य. सातवा निजाम मीर उस्मान अली खान कामाचा माणूस होता, यात शंका नाही. पण पैसा कुणाचा होता? शेतसारा कोण भरत होतं? १९३७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या टाइम साप्ताहिकानं याच निजामाला जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापलं. जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस ज्या मुलखाचा मालक, तो मुलूख मात्र देशातल्या मागासांपैकी एक. हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं होतं, याचा विचार करा.

राज्यातला काही भाग 'सर्फ-ए-खास' होता. त्याचा वसूल सरकारी खजिन्यात नाही, थेट निजामाच्या खिशात जायचा. तुम्हाला वाटेल जुनी गोष्ट आहे. थायलंडमध्ये राजसंस्थेची जी अफाट मालमत्ता आहे, ती २०१८ मध्ये सध्याच्या राजाच्या स्वतःच्या नावावर झाली. नाव बदलतं, सर्फ-ए-खास तेच राहतं.

सप्टेंबर १९४८ मध्ये, राज्य बुडत असताना, निजामाच्या खात्यातून सुमारे १० लाख पौंड लंडनमध्ये पाकिस्तानच्या राजदूताच्या खात्यात गेले. त्याचा खटला २०१९ पर्यंत चालला. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती. इंग्लंडच्या कोर्टानं निकाल भारत सरकार अन् निजामाच्या वारसांच्या बाजूनं दिला. त्या पैशाच्या बातम्या सगळ्यांनी छापल्या, मीही छापल्या. त्यात कयाधूच्या काठच्या शेतकऱ्याचा सारा होता, हे कुणी छापलं नाही.

अन् मुलूख देऊन टाकायची गोष्ट निघालीच आहे तर आपलीच ऐका. हिंगोली ही हैदराबाद कंटिन्जंटची छावणी. ही फौज नावाला निजामाची, हुकूम इंग्रजांचा. तिच्या पगाराची थकबाकी झाली म्हणून १८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १९०२ ला वर्षाला २५ लाखांवर कायमचा पट्टाच करून दिला. म्हणजे पैनगंगेच्या अलीकडचा मराठी माणूस निजामाचा, पलीकडचा इंग्रजाचा. भाषा एक, सोयरीक एक, अन् मधे करोडगिरीचा नाका. वाशिम रोडवरच्या आपल्या कनेरगावच्या नावात तो नाका अजून आहे. पुढं रझाकारीत माणसं जीव मुठीत धरून याच नदीपलीकडं पळाली, अन् उमरखेडसारख्या ठिकाणी कॅम्प उभारून तिथून लढली.

आता दुसऱ्या बाजूच्या मित्रांसाठी. निजाम म्हटलं की ज्यांना फक्त हिंदू-मुसलमान आठवतं, त्यांच्यासाठी.

आपली काचीगुड्याची गाडी जिथं थांबते, त्याच भागात २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री एका पत्रकाराला रझाकारांनी रस्त्यात गाठून मारलं. ज्या हातानं लिहायचा तो हात तोडला. त्याचं नाव शोएबुल्ला खान. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा संपादक. गुन्हा काय? हैदराबादनं भारतात सामील व्हावं असं लिहिलं. पुढं महिनाभरातच निजाम शरण आला, पण ते बघायला शोएबुल्ला नव्हता. आपल्या जिल्ह्यातल्या किती पत्रकार दिनांना या माणसाच्या फोटोला हार घातला गेला? मी वीसेक वर्षं या धंद्यात आहे. एकदाही बघितला नाही.

अन् दुसरीकडं बघा. निजाम आपल्या गावात कधी आला होता? गावात राज्य कुणाचं होतं? जहागीरदार, देशमुख, देशपांडे, पाटील. त्यातले बहुतेक आपलेच, कुंकू लावणारे. वेठबिगार करून घेणारे तेच, पोरीबाळींवर नजर ठेवणारे तेच. राजा एकटा राज्य करत नसतो मंडळी. तो गावोगाव शंभर छोटे राजे पाळतो. त्यांना तो संभाळतो अन् ते त्याला. जहागिऱ्या १९४९ मध्ये रद्द झाल्या, कुळकायदा १९५० ला आला, तेव्हा कुठं जमीन कसणाऱ्याला जरा श्वास घेता आला.

पोलीस ॲक्शननंतर काय झालं तेही सांगायला पाहिजे, नाहीतर मी अर्धाच पत्रकार. रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली, हे खरं. अन् त्यांच्यानंतर सूड म्हणून ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशा मुसलमानांना मारलं, हेही खरं. केंद्र सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं मेलेल्यांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार दिला. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपला शेजारचा नांदेड आहे. तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला होता. माझे आजोबा दाराकडं बघायचे, ते नुसतं निजामाच्या भीतीनं की यासाठीही, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

एवढं रक्त सांडून मग आपण काय केलं? ज्याच्याविरुद्ध लढलो त्यालाच २६ जानेवारी १९५० ला हैदराबाद राज्याचा राजप्रमुख केलं. १९५६ पर्यंत तो त्या पदावर होता. वर्षाला ५० लाखांचा तनखा. संस्थानिकांचे तनखे बंद व्हायला १९७१ ची घटनादुरुस्ती यावी लागली. राजा कागदावरून गेला. डोक्यातून गेला का, हा माझा प्रश्न आहे.

आता आजचं सांगतो.

दोन महिन्यांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या एका पोरानं गावच्या रस्त्याचा व्हिडिओ टाकला. पहिल्याच पावसात डांबर वाहून गेलं होतं. त्यानं एका नेत्याचं नाव घेऊन लिहिलं, "साहेब, तुमच्या गाडीचे शॉकअब्सॉर्बर चांगले असतील, आमच्या बाळंतिणीचे नाहीत." बस्स एवढंच. संध्याकाळी चार जण घरी आले. त्याला गाडीत बसवून एका कार्यालयात नेलं. चहा पाजला. अंगाला हात लावला नाही, हे मुद्दाम सांगतो. अन् मोबाइल समोर धरून बोलायला लावलं, "माझ्याकडून चूक झाली, मी साहेबांची जाहीर माफी मागतो, साहेब आमचे दैवत आहेत." तो व्हिडिओ तुम्हीही बघितलाय. कितीतरी जणांनी हसण्याची इमोजी टाकली.

कोणतं कलम लागलं होतं त्याला? कोणतंच नाही. आपल्याकडं ११२ नाही. गश्ती ५३ केव्हाच मेली. आपल्याकडं घटनेचं १९ वं कलम आहे, बोलण्याचं स्वातंत्र्य देणारं. तरी पोरगं हात जोडून उभं होतं. थायलंडमध्ये लोक कायद्याच्या भीतीनं गप्प आहेत. आपण कायदा आपल्या बाजूनं असताना गप्प आहोत. सांगा, जास्त लाज कुणाला वाटली पाहिजे?

अन् आता माझी लाज. त्या पोराची बातमी माझ्याकडं आली होती. व्हिडिओ होता, फोटो होते, गावातल्या तिघांचं म्हणणं होतं. मी लावली नाही. कारण सगळ्यांना माहीत आहे, मीच स्पष्ट सांगतो. पुढच्या आठवड्यात साहेबांचा वाढदिवस होता. वाढदिवसाच्या जाहिरातींवर आमचं वर्षाचं अर्धं गणित चालतं. मी स्वतःला म्हटलं, "आधी वाढदिवस होऊ दे." त्या बाई म्हणाल्या, "आधी जेवून घेऊ." फरक काय? त्यांच्यापुढं १५ वर्षांची कैद होती. माझ्यापुढं पाव पानाची जाहिरात होती.

म्हणून मित्रा, तुला राजा पाहिजे म्हणतोस, त्यासाठी बँकॉकला जायची गरज नाही. बसस्टँडपासून चौकापर्यंत चालत जा. बॅनरवर बघ. कुणी किंग, कुणी सम्राट, कुणी नुसतेच 'राजे'. मिसरूड न फुटलेलं पोरगं 'भावी आमदार'. बापानंतर पोरगा, काकानंतर पुतण्या, गादी चालूच. राजे पुष्कळ आहेत आपल्याकडं. नागरिक कमी पडतायत. नालीतला कचरा कुणी उचलत नाही तो राजा नाही म्हणून नाही. नगरपालिकेत जाऊन का उचलला नाही असं विचारणारा माणूस नाही म्हणून.

गंमत बघा. आज सगळा मराठवाडा निजामकालीन नोंदी शोधतोय. उर्दू अन् मोडी वाचणाऱ्याला कधी नव्हे तो भाव आलाय. ज्यांना त्या नोंदी लागतात त्यांनी जरूर शोधाव्यात, माझं त्यावर काही म्हणणं नाही. पण त्याच दप्तरात गश्ती ५३ पण आहे. ती नोंदही एकदा काढून वाचा. आपण कोणत्या जातीचे होतो ते कळेल तेव्हा कळेल, आपण प्रजा होतो हे लगेच कळेल.

१७ सप्टेंबर जवळ आलाय. दरवर्षीप्रमाणं ध्वजवंदन होईल, भाषण होईल, नाश्ता होईल, दहा वाजता मैदान रिकामं. माझं तीन गोष्टींचं मागणं आहे.

एक, प्रत्येक ग्रामपंचायतीनं आपल्या गावातून मुक्तिसंग्रामात कोण होतं त्यांची नावं पाटीवर लावावीत. वापटीच्या बहिर्जी शिंदेंचं नाव वसमतच्या कॉलेजला आहे म्हणून पोरांना ठाऊक आहे. बाकीच्यांचं काय? भाकरी पोचवणाऱ्या बाया, निरोप नेणारी पोरं, आसरा देणारी घरं, जातधर्म न बघता सगळी. घरोघरची म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या. बँकॉकची पाटी कुणी चोरून नेली, आपण तर लावलेलीच नाही.

दोन, त्या दिवशी शाळेत पुढाऱ्याचं भाषण अर्धं करा अन् गश्ती ५३ आणि घटनेचं १९ वं कलम शेजारी शेजारी वाचून दाखवा. पाच मिनिटांचं काम आहे. आठवीच्या पोरालाही फरक कळतो.

तीन, त्या दिवशी मैदानावर कुणाही जिवंत माणसाचं बॅनर नको. एक दिवस साहेबांशिवाय राहून बघू.

चौथी गोष्ट माझी मी करतोय. त्या पोराला भेटून आलो, त्याची परवानगी घेतली. त्या रस्त्याची बातमी येत्या अंकात फोटोसह येते आहे. जाहिरात गेली तर जाऊ द्या, तिकिटाचा हप्ता थोडा लांबेल.

मतभेद असतील तर खाली मोकळेपणानं लिहा. शिव्या दिल्या तरी डिलीट करणार नाही. फक्त एक विनंती, लिहिण्याआधी दाराकडं बघू नका.